मदत हवी आहे: कृत्रिम भाषेसाठी ध्वनिबदलाचे नियम कोणत्या क्रमाने लावायचे?

नमस्कार मंडळी,

एका दीर्घकथेसाठी भाषा रचतोय. एक जुनी मूळ भाषा आणि हजारेक वर्षांनी तिच्यातून निघालेली बोली. मूळ भाषेचा शब्दसंग्रह तयार आहे. बोलीतले शब्द मनाने ठरवायचे नाहीत, नियम लावून काढायचेत. घोडं अडलंय ते नियमांच्या क्रमापाशी.

मूळ भाषेत नामाचं एकवचन अ-कारान्त, अनेकवचन इ-कारान्त. अ सगळीकडे पूर्ण उच्चारायचा, मराठीसारखा शेवटी गिळायचा नाही. काही शब्द: मेत (पाणी), मेद (राख), लुक (डोळा), रुग (वाट), तोक्क (पक्षी). नियम सध्या असे आहेत ('>' च्या आधी काय बदलतं, नंतर त्याचं काय होतं; '/' पुढे कुठे, आणि '_' म्हणजे बदलणाऱ्या ध्वनीची जागा):

१) प त क > ब द ग / स्वर _ स्वर
२) ब द ग > लोप / स्वर _ स्वर
३) प्प त्त क्क > प त क
४) क > च / _ इ, ए
५) ह्रस्व स्वर > लोप / _ शब्दान्त

हाताने लावून पाहिलं तर तोक्क–तोक्कि चं तोक्–तोच् होतं, हे फार आवडलं. पण मेत आणि मेद दोन्हींचं नुसतं 'मे' उरतं, आणि त्यांची अनेकवचनंही 'मे'च! लुक आणि रुगचीही तीच गत. पाणी, राख आणि राखेचे ढीग एकाच अक्षरात कोंबून कथा कशी लिहायची?

दुसरं म्हणजे, हेच नियम ध्वनिबदल लावणाऱ्या एका प्रोग्रामला दिले तर तो मेतला हातच लावत नाही. नियम बरोबर, शब्द बरोबर, उत्तर जसंच्या तसं 'मेत'.

तिसरं, 'मेत' हा शब्द मला तसाच हवाय, कथेत मंत्रासारखा येतो. एखाद्या शब्दाला नियमातून सूट दिली तर चालते का?

प्रतिसाद १

प्रोग्रामचं आधी सांगतो, ते सोपं आहे. तुम्ही शब्द देवनागरीत टाकलेत ना? मग 'मेत' त्याला म, एकाराची मात्रा आणि त अशा तीन खुणा दिसतात. त मधला अ आपल्याला ऐकू येतो, पण तो लिहिलेलाच नसतो. शिवाय युनिकोडमध्ये 'ए' हे अक्षर आणि एकाराची मात्रा हे वेगळे संकेतांक आहेत. तुमच्या स्वरांच्या यादीत अ इ उ ए ओ असणार, मात्रा नसणार. त्यामुळे त च्या आधीही स्वर नाही आणि नंतरही नाही.

उपाय: प्रोग्रामपुरतं क म्हणजे नुसतं व्यंजन धरा आणि प्रत्येक स्वर सुटा लिहा. मेत = मएतअ, तोक्क = तओककअ, लुकि = लउकइ. दिसायला विचित्र दिसतं, पण एक ध्वनी एक अक्षर असा हिशेब जुळतो. हलन्ताची गरजच पडत नाही. रोमनकडे वळू नका असंच म्हणेन. तिथे ख, घ ला दोन-दोन अक्षरं लागतात आणि महाप्राणांचे नियम लिहिताना डोकं फिरतं.

जाता जाता: तुमची ही 'काय > काय / कुठे' मांडणी पाणिनीकडे विभक्त्यांनी होते. 'इको यणचि' (पुढे स्वर आला की इ उ ऋ ऌ चे य व र ल होतात) मध्ये षष्ठी म्हणजे काय बदलतं, प्रथमा म्हणजे त्याचं काय होतं, सप्तमी म्हणजे कशाच्या आधी. इति + आदि = इत्यादि. प त क ची ब द ग शी क्रमवार जोडी लावायची यालाही त्याच्याकडे वेगळं सूत्र आहे (१.३.१०).

प्रतिसाद २

क्रमाबद्दल. तुम्ही नकळत महाराष्ट्री प्राकृताचा रस्ता धरलाय. तिथे स्वरांमधले त आणि द दोन्ही गळाले: माता > माआ > माय, पाद > पाअ > पाय. आणि तुमचा 'मे' तिथेही आहे. मत, मद, मय, मृग, मृत या पाचांचंही प्राकृतात 'मअ' होऊ शकतं! भाषा त्यामुळे बंद पडत नाही. लोक प्रत्यय जोडतात, जोडशब्द करतात, जुन्या भाषेतून शब्द उसने आणतात.

हेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. नियमातून सूट देऊ नका. मेतला नियमाने झिजू द्या आणि मंत्रातला 'मेत' हा पुजाऱ्यांनी जुन्या भाषेतून पुन्हा उचललेला शब्द ठरवा. आपल्याकडे आग आणि अग्नी, हात आणि हस्त शेजारी नांदतातच की.

द्वित्वाचा, म्हणजे दुहेरी व्यंजन एकेरी करण्याचा नियम (३) मात्र तुम्ही योग्य जागी ठेवलाय. सप्त > सत्त > सात. एकेरी त गळत होता तेव्हा इथला त दुहेरी होता म्हणून वाचला. द्वित्व आधी सुटलं असतं तर आज आपण सातला 'साय' म्हणत असतो.

मेत-मेद वेगळे ठेवायचे असतील तर १ आणि २ ची अदलाबदल करा. आधी घोष (ब द ग) गळतात, मग अघोष (प त क) त्यांच्या रिकाम्या जागी येतात, मग दुहेरी एकेरी होतात. लॅटिनमधून स्पॅनिश होताना हेच घडलं: विदेरे > वेर, वीता > विदा, गुत्ता > गोता. तुमच्या मेद चा मे होईल, मेत चा मेद्.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. सुटे स्वर लिहिल्यावर प्रोग्राम सुरळीत चालला. अदलाबदल केल्यावर मेद्, मे, लुग्, रु, तोक् मिळाले. पण अनेकवचनाचं अजून अडलंय. मेति चंही मेद् आणि लुकि चंही लुग्. फरक फक्त तोच् मध्ये उरतो.

प्रतिसाद ३

कारण तुमचा ४ था नियम उशिरा येतो. तोवर लुकि मधल्या क चा ग झालेला असतो. तो सगळ्यांच्या वर न्या: लुकि > लुचि > लुच्, म्हणजे लुग्–लुच्. मात्र क्क > च्च असंही लिहा आणि द्वित्वाच्या नियमात च्च घाला, नाहीतर 'तोक्चि' असं धेडगुजरी काहीतरी निघेल. च चा स्वरांमध्ये ज करायचा का, ते तुमच्यावर. मला लुग्–लुज् जास्त आवडतं.

मेतसाठी स्वरांना कामाला लावा. शेवटचा इ गळण्याआधी त्याचा रंग मागच्या स्वराला लागू द्या: पुढच्या अक्षरात इ असेल तर ए > इ, ओ > उ. मग मेति > मिति > मिदि > मिद्. इंग्रजीतलं फूट–फीट याच जातीचं आहे. अनेकवचनाच्या प्रत्ययातल्या इ मुळे आधीचा ओ हा ए कडे सरकला, मग इ गेला आणि फरक तेवढा मागे राहिला. तुमच्याकडे तोक्–तुच् मिळेल, जे ऐकायला आणखी झकास आहे.

आणि ५ व्या नियमात 'व्यंजनानंतर' ही अट टाका. रुग चं रुअ, रुगि चं रुइ राहील. नंतर वाटलं तर त्यांचे संयुक्त स्वर करा. प्रत्येक नियमानंतर सगळा शब्दसंग्रह छापून बघा. शेवटचं उत्तर तेवढं पाहिलं तर कुठल्या पायरीवर काय गळालं ते सापडत नाही.