मदत हवी आहे : दिव्यांग मुलांच्या ने-आणीच्या गाडीचा दरमहाचा खर्च कोण देतं? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

सरळ मुद्द्यावर येते. कुंभारीतल्या बारा-तेरा दिव्यांग मुलांना सोलापूर शहरात शाळेला आणि फिजिओथेरपीला न्यायला-आणायला आमची छोटी संस्था एक भाड्याची व्हॅन चालवते. संस्था नोंदणीकृत आहे, आयकराच्या 12ए आणि 80जी (देणगीवर करसवलत) या दोन्ही नोंदण्या आहेत. आजवर ओळखीच्या लोकांच्या देणग्यांवर भागलं. आता त्या आटल्या आहेत आणि जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा गाडी दारात उभी राहील की नाही, हे पालक विचारायला लागलेत.

बाहेरगावच्यांसाठी थोडं सांगते. कुंभारी अक्कलकोट रोडला आहे, दक्षिण सोलापूर तालुक्यात. विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत 2006 मध्ये इथेच झाली. आता असंघटित कामगारांचं 30 हजार घरांचं रे नगरही इथेच होतंय, त्यातल्या 15 हजार घरांचा ताबा जानेवारी 2024 मध्ये दिला गेला. हक्काचं घर मिळालं, ही या कुटुंबांसाठी केवढी मोठी गोष्ट आहे! पण विशेष शाळा, थेरपी, सिव्हिल हॉस्पिटल, सगळं शहरातच राहिलं.

आमच्या गाडीत पंधरा वर्षांची एक मुलगी आहे, सेरेब्रल पाल्सी आहे तिला, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर ताबा राहत नाही. उचलायला गेलं की पाय ताठ होतात, त्यामुळे एकीने काखेतून धरायचं आणि दुसरीने गुडघे वाकवून आत घ्यायचं. मान सावरत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावून मग पट्टा बांधतो. हे काम शेअर रिक्षात होत नाही, आणि झालं तरी व्हीलचेअर ठेवायची कुठे? स्पेशल रिक्षा रोज परवडत नाही. आई घरी विड्या वळते, मजुरी हजार विड्यांवर. लेकीला घेऊन ती शहरात गेली की त्या दिवशीची मजुरी गेलीच. गाडी नव्हती तेव्हा ही मुलगी घरातच असायची.

आता पैशाचं. ड्रायव्हर, एक मदतनीस बाई, गाडीभाडं, डिझेल मिळून महिन्याला चाळीस हजारांच्या आसपास जातात. एका कंपनीकडे गेलो होतो. ते नवी गाडी द्यायला तयार होते, वर नाव लिहून, कार्यक्रम करून. ड्रायव्हरचा पगार आणि डिझेल मात्र ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून बसत नाही म्हणाले. दुसरीकडेही हाच सूर. गाडी द्यायला लोक पुढे येतात, ती रोज चालवायला कुणी येत नाही.

सरकारी बाजूने जे माहीत आहे ते सांगते, म्हणजे तेच तेच सुचवण्यात तुमचा वेळ जायला नको. एसटीची 75 टक्के सवलत आहे, पण आमची मुलं एसटीत चढू शकत नाहीत. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतून प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता मिळतो, तो सर्वसाधारण शाळेत नाव असलेल्या मुलांना. आमच्याकडची निम्मी विशेष शाळेत आहेत. निरामय या दिव्यांगांसाठीच्या आरोग्य विम्यात प्रवासखर्चाला वर्षाला 1,000 रुपये आहेत, त्यात काय होणार? दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून बॅटरीवरची तीनचाकी मिळते, पण ज्याचे हात चालतात त्याला ती उपयोगाची.

राहिला स्थानिक स्वराज्य संस्थांचा दिव्यांगांसाठीचा 5 टक्के निधी. इथे आमची खरी अडचण आहे. शाळा महापालिका हद्दीत, मुलं राहतात ग्रामपंचायत हद्दीत. शहरातलं कार्यालय म्हणतं लाभार्थी आमचे नाहीत, गावाकडचं म्हणतं शाळा आमच्याकडे नाही. या निधीतून एखाद्या ग्रामपंचायतीने किंवा जिल्हा परिषदेने वाहतुकीचा चालू खर्च दिल्याचं कुणाला माहीत आहे का? प्रस्ताव कसा मांडला होता? आणि सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामासाठीच्या निधीतून, पगार-डिझेल खरंच देता येत नाही का? कुणी सीए किंवा कंपनीत हे काम बघणारे असतील तर कृपया लिहा.

---

प्रतिसाद :

ताई, मी एका कारखान्यात सीएसआरचं काम बघतो. तुम्हाला सांगितलेलं कारण नियमाला धरून नाही. सीएसआर नियमांच्या 2021 च्या दुरुस्तीत प्रशासकीय खर्चाची व्याख्या स्पष्ट आहे. कंपनी स्वतःचा सीएसआर विभाग चालवायला जो सर्वसाधारण खर्च करते तो प्रशासकीय, आणि त्यालाच 5 टक्क्यांची मर्यादा. एखादा प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्यासाठी होणारा खर्च त्यात येत नाही. तुमचा प्रकल्पच ने-आण आहे, म्हणजे ड्रायव्हर, मदतनीस, डिझेल हा प्रकल्पखर्च.

अर्जात ‘वाहन’ मागू नका, ‘ने-आण सेवा’ मागा. चालू (एकाहून जास्त वर्षं चालणारा) प्रकल्प म्हणून मांडलात तर सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं मंजुरी मिळू शकते. दरवर्षी दार ठोठवावं लागणार नाही. सीएसआर-1, म्हणजे कंपन्यांचं सीएसआर काम घेण्यासाठी संस्थेने करायची नोंदणी, केली आहे का? 1 एप्रिल 2021 पासून ती नसलेल्या संस्थेमार्फत कंपनीला काम करून घेता येत नाही. आणि एखादी कंपनी गाडीच देत असेल तर नाकारू नका, नोंदणी संस्थेच्या नावावर करता येते. भाडं तरी वाचेल.

---

प्रतिसाद :

माझा मुलगा स्वमग्न आहे, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 16 वाचा. सरकारी निधी किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना, आणि जास्त आधार लागणाऱ्या मुलांच्या सोबत्यालाही, वाहतुकीची सोय द्यावी असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे ही जबाबदारी मुळात तुमच्या एकटीच्या संस्थेची नाहीच. शाळांची पत्रं घेऊन जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात अर्ज द्या, प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला. हद्दीच्या वादात शिरू नका. मुलांचा पत्ता ग्रामीण आहे, यूडीआयडी कार्डावरही (दिव्यांगांचं ओळखपत्र) तोच आहे, तर अर्ज जिल्हा परिषदेकडेच जायला हवा. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.

---

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. दादा, सीएसआर-1 अजून केलेलं नाही, आमच्या सीएंना आजच फोन केला. प्रशासकीय खर्चाच्या व्याख्येचा उतारा अर्जाला जोडणार आहे आणि त्या पहिल्या कंपनीकडे पुन्हा जाणार आहे.

ताई, कलम 16 चं मला माहीतच नव्हतं. शाळांकडून पत्रं घेते. सगळ्या पालकांच्या सह्यांचं निवेदनही सोबत देऊ.

अजून एक विचारायचं आहे. गाडी संस्थेच्या नावावर आली आणि व्हीलचेअरसकट चढता यावं म्हणून मागे रॅम्प बसवला, गाडीच्या तळाला खुर्ची अडकवायचे हुक लावले, तर आरटीओची मंजुरी आधी घ्यायची की काम झाल्यावर गाडी दाखवायची? सोलापुरात किंवा पुण्यात असं काम चांगलं करणारा गॅरेजवाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पालकांकडून एक रुपयाही घेत नाही, त्यामुळे पांढऱ्या पाटीवर (खासगी गाडीच्या नंबरप्लेटवर) चालेल की शाळेच्या बसचे नियम लागतील, हेही कुणी सांगितलं तर अर्जातच तो खर्च धरते.