प्रतिसाद: डोंगा जड झाला, पण गळती दिसत नाही

भाऊ, तळाला चीर नाही, तरी फायबरचा डोंगा दरवर्षी जड होतो असं तुम्ही लिहिलंय. आमच्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्यातल्या डोंग्याचंही हेच झालं होतं. दोन माणसांनी ओढायचा डोंगा चौघांनाही हलेना.

पाणी बहुतेक खालून नाही, वरून जातं. फळीचे स्क्रू, कडी, इंजिन लावायची मागची पाटी, इथल्या भोकांतून पावसाचं पाणी दुहेरी तळात, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या तळामधल्या पोकळीत उतरतं आणि तिथला फोम ते पितो. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब तुम्हीच करा.

लाकडी हातोडीने तळ ठोकत जा. कोरडा भाग टणटण वाजतो, भिजलेला भदभद. मग डोंगा मागे कलता ठेवून आतल्या तळाला सर्वात खालच्या जागी बारीक भोक पाडा, बाहेरच्या तळाला नाही! आमच्या डोंग्यातून काळं, कुजकट पाणी दुपारभर झिरपत होतं. तळाच्या पोकळीतल्या आडव्या पट्ट्यांखालची पाणी जायची भोकं गाळ आणि जाळ्याच्या दोऱ्यांनी बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करा.

भिजलेला फोम मात्र उन्हात ठेवून वाळत नाही, कापून काढावाच लागतो. घाईने वरून मॅट-रेझिन (फायबरचं कापड आणि ते चिकटवून घट्ट होणारा द्रव) मारलं तर ते ओल्यावर धरत नाही, पापुद्रा सुटतो. मे महिना वाळवायला चांगला, पण रेझिन सकाळी लवकरच लावा. दुपारच्या उन्हात ते डब्यातच घट्ट होतं, आमचा एक डबा तसाच गेला.

मागच्या पाटीतलं प्लायवूड कुजलंय का, तेही एकदा टोचून बघा.