चाकरमानी की स्थलांतरित?

खाजणकाठ: लोकसंख्येवरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय, 'आउट-मायग्रंट'पाशी अडलो. 'बहिर्स्थलांतरित' लिहून आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हा कसला आजार?" तिचे दोघे भाऊ चाळीस वर्षं मुंबईत, परळला नोकरीला. तिच्या लेखी ते चाकरमानी, बस. वाक्य रत्नागिरी जिल्ह्याबद्दल आहे: 2001 मध्ये 16,96,777 माणसं, 2011 मध्ये 16,15,069. चाकरमानी लिहिलं तर चालेल?

गजाली: लिही. चाकरमानी गणपतीक येता, शिमग्याक येता. 'स्थलांतरित' म्हटल्यार घराक कुलूपच घातलंस.

शब्दकीडा: जनगणनेला तुमच्या शिमग्याशी काय देणंघेणं? जन्म कुठला, आधी राहायचात कुठे, एवढंच विचारतात. त्या हिशोबाने लग्न होऊन दुसऱ्या गावात गेलेली बाईसुद्धा स्थलांतरित.

देवगडची सून: अगं बाई, म्हणजे मी पण! कणकवलीहून एष्टीने आले, करवल्यांसकट.

गजाली: 2011 ची शिरगणती फेब्रुवारीत झाली. भाद्रपदात करूक व्हयी होती, मगे बघलंव असतंव घट खय ती. हजार पुरुषांमागे 1122 बायका रत्नागिरीत, त्या काय उगाच?

शब्दकीडा: 'शिरगणती' झकास, पण 'चाकर' फारसी आहे आणि त्यात हलकेपणा आहे. 2025 च्या गणपतीआधी अजित पवारांनी सरकारी कागदांत 'कोकणवासीय' वापरा म्हणून सांगितलं ते त्यामुळेच.

खाजणकाठ: पण जो कोकणात राहत नाही तोच कोकण'वासीय' कसा? माझ्या लेखाचा तर मुद्दाच तो आहे.

गजाली: हलकेपणा कसलो? 'मानी' म्हणजे मान असलेलो.

शब्दकीडा: मान-बिन काही नाही, 'चाकरमाणूस'चं झिजलेलं रूप असणार.

देवगडची सून: आमच्या कलमांच्या बागेत नेपाळी राखणदार असतो. हंगामभर इथे, पावसाळ्यात गावी, पैसे घरी. सगळं खाजणकाठच्या मामांसारखंच. त्याला नावाने कोणी हाक मारत नाही, चाकरमानी तर दूरच. 'नेपाळी' म्हणतात, नाहीतर 'भायलो', म्हणजे बाहेरचा.

गजाली: तो वेगळो विषय.

देवगडची सून: वेगळा कसा? मुंबईत आपण कोण होतो?

शब्दकीडा: वेगळ्या विषयावरून आठवलं. 2011 च्या भाषांच्या तक्त्यात मालवणी कोंकणीखाली घातली आहे. मराठीखाली नाही.

गजाली: काय सांगतंस! आमका कोणी इचारलान?

शब्दकीडा: मातृभाषा विचारतात. सांगितलेल्या बोली कुठल्या भाषेत धरायच्या हे जनगणना कार्यालय ठरवतं.

गजाली: मालवणी ही मालवणी.

खाजणकाठ: मंडळी, मजकूर उद्या सकाळी द्यायचाय. तूर्तास 'पोटासाठी बाहेरगावी गेलेले' असं लिहितोय.

देवगडची सून: आणि लग्नासाठी गेलेल्या?

शब्दकीडा: 'मानी'बद्दल मात्र माझं मत कायम आहे.