मदत हवी आहे: स्क्रॅचनंतर भाचीला काय सुचवू?

नमस्कार मंडळी,

माझी भाची 14 वर्षांची आहे आणि वर्षभरापासून स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून गेम, गोष्टी बनवायची मुलांची कोडिंगची भाषा) अगदी बुडून गेली आहे. परवा तिच्या प्रोग्राममधली मांजर स्क्रीनच्या कडेला आपटून परत फिरताना डोक्यावर चालायला लागली. मी सांगायला गेले तर म्हणाली, "मावशी, थांब, मला शोधू दे." अर्ध्या तासाने सापडलं: फिरण्याची पद्धत फक्त डावी-उजवी ठेवायची होती. तो चेहरा बघायला हवा होता!

पण कोडिंगच्या क्लासला ती एकटीच मुलगी. तिथे तोंड उघडत नाही, आणि आता "सोडून देऊ का?" असं विचारतेय. माझा जीव तुटतो. तिला अवघड जात नाहीये, तिला सोबत नाहीये.

मी थोडं शोधलंय. टेक्नोव्हेशन गर्ल्समध्ये 8 ते 18 वयाच्या मुली गट करून आसपासच्या एखाद्या प्रश्नावर अ‍ॅप बनवतात, मार्गदर्शकही मिळतात. जँगो गर्ल्सचं वेबसाइट बनवायला शिकवणारं ट्युटोरियल फुकट आहे, पण त्यात थेट पायथन या भाषेत कोड टाइप करावा लागतो. स्क्रॅचचे ठोकळे सोडून एकदम टाइप करायला लावलं तर ती बिचकेल का?

कुणाच्या मुलीने यातलं काही केलंय का? गट नसेल तर टेक्नोव्हेशनमध्ये मैत्रिणी कशा जमवल्या? आणि या क्षेत्रात काम करणारी एखादी ताई तिच्याशी अधूनमधून ऑनलाइन बोलेल, असा सुरक्षित उपक्रम माहीत असेल तर नक्की सांगा. इंग्रजी वाचताना ती अडखळते, म्हणून मराठीतलं काही असेल तर फारच बरं.