शर्यतीत रस नाही, तरी ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ सुटत का नाही?

मध्यंतर:
पोल पोझिशन म्हणजे काय हेही ज्यांना माहीत नाही, अशी माणसं फॉर्म्युला वन मोटार शर्यतींवरची ही नेटफ्लिक्सची मालिका एका बैठकीत चार-चार भाग बघतात. थेट शर्यत लावली की मात्र दहाव्या फेरीला उठून जातात. हा फरक कशामुळे पडतो? सगळी संकलनाची करामत आहे का? आणि खऱ्या शर्यतीकडे वळायचं तर सुरुवात कुठून करावी? जाणकारांनी तपशिलात लिहावं.

गॅरेज_४२:
पहिल्या सीझनचा पहिला भाग घ्या, उत्तर त्यातच आहे. मेलबर्न, मार्च २०१८. हास या छोट्या संघाच्या दोन्ही गाड्या चौथ्या-पाचव्या क्रमांकावर धावताहेत. तसंच संपलं असतं तर १२ आणि १० असे २२ गुण मिळाले असते. पण पिट-स्टॉपमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यात, आधी चालक मॅग्नुसनचं आणि दोनच फेऱ्यांनी दुसरा चालक ग्रोजाँचं चाक नीट बसलं नाही. दोन्ही गाड्या बाद.

चाकाला मधोमध एकच नट असतो. नट आवळणारी गन किंचित तिरकी लागली की आटे क्रॉस बसतात. नट पुढे फिरत नाही, त्यामुळे तो घट्ट बसला असंच वाटतं. गनवाला ‘झालं’ अशी खूण करतो, जॅक खाली येतो, गाडी सुटते. एका चाकावर तिघं असतात: गनवाला, जुनं चाक काढणारा, नवं बसवणारा. जॅकवाले, गाडी स्थिर धरणारे धरून वीसेक जणांचं काम दोन-अडीच सेकंदांत उरकायचं असतं. तिथे एक आटा चुकला की वर्षाचा हिशेब बदलू शकतो. त्या वर्षी चौथ्या आलेल्या रेनोचे १२२ गुण झाले, पाचव्या हासचे ९३. ते २२ गुण धरूनही हास पाचवाच राहिला असता, पण अंतर अगदी थोडं उरलं असतं. बक्षिसाची रक्कम संघाच्या क्रमांकावर ठरते, हे कळलं की ते २२ गुण डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

थेट प्रक्षेपणाला आघाडीकडे परत जावंच लागतं. मालिका मात्र हासचा तेव्हाचा संघप्रमुख स्टाइनर याच्याबरोबर थांबते, तो मालकाला फोनवर काय सांगतो ते ऐकवते. शर्यत न बघणारा माणूस इथे अडकतो, कारण हातातलं काम बिघडणं कुणालाही कळतं, त्यासाठी एरोडायनॅमिक्स लागत नाही. आणि गंमत बघा, ग्रोजाँची गाडी ट्रॅकवर थांबली म्हणून व्हर्च्युअल सेफ्टी कार (सगळ्यांनी वेग कमी ठेवायचा, असा आदेश) लागली, बाकीचे हळू चालत असताना फेरारीच्या वेटेलनं टायर बदलून घेतले, मर्सिडीजच्या हॅमिल्टनच्या पुढे निघाला आणि शर्यत जिंकला. पहिला नंबर मागच्या संघाच्या नटानं ठरवला!

कोरडा_टायर:
अगदी बरोबर, पण हे काही अंशी नाइलाजानं घडलं. पहिल्या सीझनसाठी मर्सिडीज आणि फेरारीनं कॅमेऱ्यांना आत घेतलंच नव्हतं. मग निर्मात्यांना मधल्या आणि शेवटच्या संघांकडेच जावं लागलं, आणि माझ्या मते मालिका त्यामुळेच तरली. मल्ल्यांच्या फोर्स इंडियाचंच बघा: जुलै २०१८मध्ये संघ दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, नव्या मालकांनी घेतल्यावर तोवरचे ५९ गुण पुसले गेले आणि बेल्जियमपासून शून्यावरून मोजणी सुरू झाली. त्यातही तो सातवा आला.

संकलनाबद्दल मात्र सावध राहा. दोन चालकांमधलं वैर रंगवण्यासाठी वेगवेगळ्या वेळची दृश्यं शेजारी ठेवली जातात. रेड बुलचा चालक व्हर्स्टापन यानं याच कारणानं २०२१मध्ये मालिकेला मुलाखती देणं बंद केलं होतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे टायरवरचा रंग: २०१९पासून लाल म्हणजे सॉफ्ट (मऊ), पिवळा मीडियम, पांढरा हार्ड (कडक). पाठलाग चालू असताना एकाच गाडीच्या टायरचा रंग मध्येच बदलला आणि पिट-स्टॉप दिसला नाही, तर ते तुकडे एका फेरीतले नाहीत. सावल्यांची दिशाही तपासा.

मध्यंतर:
हे टायरचं भारी आहे! मग रविवारी पहिल्यांदा बसणाऱ्यानं काय बघावं?

पिटवॉल:
युरोपातली शर्यत निवडा, बहुतेक आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात. आघाडीचा गाडीवाला सोडा, नववा ते बारावा यांच्यावर नजर ठेवा. दहाव्याला १ गुण, अकराव्याला काहीच नाही, त्यामुळे खरी मारामारी तिथे. कोरड्या शर्यतीत किमान दोन प्रकारचे टायर वापरावेच लागतात, म्हणजे एकदा तरी पिटमध्ये जाणं आलं. त्यात साधारण वीस सेकंद जातात, ट्रॅकप्रमाणे कमीजास्त.

मग अंडरकट शोधा. मागचा एक-दोन फेऱ्या आधी आत जातो, नव्या टायरवर जोरात फिरतो आणि पुढचा पिटमधून बाहेर येईपर्यंत त्याला ओलांडतो. बाहेर पडताना तो संथ गाडीमागे अडकला तर सगळं फसतं. म्हणून पडद्यावरच्या यादीत दोघांमधलं अंतर बघत राहा. ते दोन सेकंदांच्या आत आलं आणि मागच्या संघाची माणसं चाकं घेऊन बाहेर आली, की चहा नंतर करा.