कमानपाट्याची पास कडकन तुटली, काऊन?

काळी_माती
राम राम मंडळी, यवतमाळ जिल्हा. वखराले पास (जमिनीत चालते ते लोखंडी पातं) पाहिजे होती, भंगारातून ट्रकचा जुना कमानपाटा (स्प्रिंगची पट्टी) आणला, म्हटलं बाजारातल्या पाशीपेक्षा टिकंल. आमच्या गावचा लोहार पुण्याले पोराकडे गेला म्हणून मीच आंगणात कोळसा पेटवला, ब्लोअर लावला, भरदुपारी पाटा चांगला लाल केला अन् बादलीतल्या पाण्यात घातला. कानस घसरत होती, मले वाटलं एक नंबर काम झालं. दुसऱ्याच तासाले धुऱ्याजवळ दगड लागला अन् मधातून दोन तुकडे. पोलाद खराब होतं का माझं चुकलं?

घणवाला
तुटलेलं तोंड पुसू नको, तसाच फोटो टाक. आमचे बाबा मोडकं अवजार आलं का पहिले तेच पाहत. काळपट, गंजलेला भाग दिसला तं तडा ट्रकखालीच पडलेला असते, चकाकत असंल तं आता तुटलं.

काळी_माती
टाकला. गंज कुठंच नाही, साखरेसारखे मोठे दाणे चमकून रायले.

घणवाला
मंग पाटा लय तापला बावा. लोहाराचं खोपटं अंधारं असते ते काय उगीच नाही, उन्हात जो मंद लाल वाटते तो सावलीत पाह्यला तं केशरी निघते. अन् ब्लोअर तं भात्यापेक्षा कितीतरी पटीनं हाणते. जास्त तापलं का पोलादातला दाणा वाढते, दाणा वाढला का ठिसूळ.

बुटीबोरी_फिटर
घणवालाभाऊ बरोबर, पण एकच चूक नाही झाली, तीन झाल्या. एक तर जास्त ताव. दुसरं, पाणी. कमानपाट्यात साधारण अर्धा-पाऊण टक्का कार्बन असतो, शिवाय सिलिकॉन किंवा मँगनीज, असं पोलाद तेलातही पुरेसं कडक होतं, पाण्यात घातलं की वरची कातडी आधी आखडते, आत अजून गरम, तिथंच ताण बसतो, कधी कधी बादलीतच तडकतं. तिसरी चूक सगळ्यात मोठी, पाणी दिल्यावर तू ताव उतरवलाच नाही, म्हणजे परत हळू तापवून कडकपणा जरा कमी केला नाही. नुसतं विझवलेलं पोलाद काचेसारखं असतं, कानस घसरली म्हणजे कडक झालं एवढंच कळतं, चिवट झालं का ते नाही कळत. आमच्या कारखान्यात कडकपणाचं मशीन वेगळं अन् चिवटपणा पाहायला लोलक सोडून खाच पाडलेला तुकडा तोडायचं वेगळं, ते याच्यासाठीच.

डवरेवाला
पण आमच्याकडे कुऱ्हाडी पाण्यातच विझवतात, त्या नाही तुटत.

बुटीबोरी_फिटर
त्यांचं पोलाद वेगळं असू शकतं, अन् लोहार फक्त धारच बुडवतो, मागची ऊब धारेकडे येऊ देतो, तोच ताव उतरवणं झालं. त्याला फक्त टेम्परिंग हे इंग्रजी नाव माहीत नसतं.

घणवाला
हे लोहाराले नवीन नाही. नागपूर जिल्ह्यात पारशिवनीकडे नायकुंडले उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, अडीच हजार वर्षांहून जुनी. असो. काळी_माती, आता असं करजो. संध्याकाळी कर, दोरीले चुंबक बांधून ठेव. तापलेल्या पाट्याले चुंबक धरेनासं झालं म्हणजे 770 अंशाच्या आसपास आला, त्याच्यावर जरासाच जाऊ दे. पहिले दोन-तीनदा असं तापवून हवेत थंड कर, दाणा बारीक होते. मंग तेलात. बादली लोखंडी घेजो, प्लास्टिकची नको, अन् झाकण हाताशी ठेव, जळकं इंजिन ऑइल भडकते.

बुटीबोरी_फिटर
नंतर धार घासून चमकव अन् मागून हळू तापव. आधी गवती पिवळा रंग येईल, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळ्यावर थांबशील तर दगडाच्या रानात परत तुकडे. निळा म्हणजे अंदाजे 300 अंश, तिथं थांब. धार लवकर बोथट होईल, पण बोथट झालेली पाजवता येते.

काळी_माती
म्हणजे हेच तुकडे वापरता येतीन का? एक दीड फुटाचा हाय.

घणवाला
येतीन, आतून तडा नसंल तं. रॉकेल लाव, पुसून कोरडा कर, वरून खडूची भुकटी चोळ. तडा असंल तं तिथून ओली रेघ उमटते.

काळी_माती
एका कोपऱ्याजवळ रेघ आली, बोटभर. तेवढा कापून टाकतो, उरलेल्याची डवऱ्याची (लहान वखराची) पास होते. चुंबक मुलीच्या कंपासपेटीतून उचललं, ती रुसून बसली हाय.