'पोर्ट करणे'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: एका तांत्रिक लेखाचा अनुवाद करते आहे. १९७७ मध्ये बेल लॅब्जमधल्या स्टीव्ह जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि सी भाषेचा कंपायलर (लिहिलेल्या प्रोग्रामचं यंत्राच्या कोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम) पीडीपी-११ या संगणकावरून इंटरडेटा ८/३२ या यंत्रावर पोर्ट केला, म्हणजे तिथे चालेल असा केला, ती हकिगत. 'पोर्ट' दर दोन ओळींनी येतोय. 'स्थलांतर' चालेल? आणि कंपायलरला 'संकलक'?

उत्तर: स्थलांतर नको. स्थलांतर करणारा मागचं बिऱ्हाड मोडतो. युनिक्स पीडीपी-११ वर होती तशीच राहिली. जुन्या सर्व्हरवरचा डेटा हलवून तो सर्व्हर बंद करतात, तिथे स्थलांतर म्हणा. 'संकलक' म्हटलं की डोळ्यांसमोर कोशवाले येतात. कंपायलरच ठेवा.

दुसरं उत्तर: 'बसवणे' कसं वाटतं? "युनिक्स इंटरडेटावर बसवली."

पहिल्याच उत्तरकर्त्याकडून: बसवणे म्हणजे इन्स्टॉल, आपण 'विंडोज टाकून दे' म्हणतो ते. तयार वस्तू जागेवर लावायची. पोर्ट करताना वस्तूलाच हात घालावा लागतो. पीडीपी-११ सोळा बिटांचं, इंटरडेटा बत्तीस बिटांचं, शिवाय यंत्राच्या 'वर्ड'मधल्या (एका दमात हाताळायच्या बाइटांच्या गटातल्या) बाइटांचा क्रम उलटा. जोडीजोडीने बाइट फिरले की 'युनिक्स'च्या इंग्रजी स्पेलिंगचं 'नुक्सी' होतं. या घोटाळ्याला अजूनही 'नुक्सीचा प्रश्न' म्हणतात!

तिसरं उत्तर: आमच्या टीममध्ये 'कोड एआरएमवर आणला' असंच म्हणतात; एआरएम म्हणजे इंटेलहून वेगळ्या जातीचा प्रोसेसर. इंटेलच्या लिनक्सवर सी भाषेतला 'कॅर' (एका बाइटात मावणारी किंमत) ऋण किंमत धरतो, एआरएमच्या लिनक्सवर वेगळं सांगितल्याशिवाय धरत नाही. फाइलचा शेवट सांगणारा उणे एक 'कॅर'मध्ये ठेवला की तिथे त्याचे २५५ होतात आणि लूप थांबतच नाही. कोड एका अक्षराने बदललेला नसतो, कंपायलरही अनेकदा हूं की चूं करत नाही. तरी त्याला हात घालावाच लागतो, त्यामुळे 'बसवला' म्हणवत नाही.

प्रश्नकर्ती: 'आणणे' आवडलं. पण मग 'नेणे' का नाही?

तिसऱ्या उत्तरकर्त्याकडून: तुम्ही कुठे उभ्या आहात त्यावर. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात वुलन्गाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी युनिक्स इंटरडेटा ७/३२ वर चालवली. यंत्र त्यांच्या दारात होतं, म्हणून त्यांनी ती 'आणली'. जॉन्सन-रिचींच्या घरी पीडीपी-११ होतं, युनिक्स वेगळ्या यंत्रावर जाते का हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी 'नेली'.

पहिल्याच उत्तरकर्त्याकडून: युनिक्सपुरतं मान्य. पण "कंपायलर इंटरडेटावर नेला" हे वाक्य मला गोलमाल वाटतं. तो इंटरडेटावर चालू लागला, की इंटरडेटासाठी कोड काढू लागला? दोन वेगळी कामं आहेत. आधी कंपायलर जुन्याच यंत्रावर चालतो आणि नव्या यंत्राचा कोड ओकतो. त्यानेच स्वतःला कंपाइल केलं की मग तो नव्या यंत्रावर चालायला तयार. इंग्रजीत दोन्हीला 'पोर्ट' म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे 'वर' आणि 'साठी' आयते आहेत, ते वापरा. जॉन्सनच्या पोर्टेबल सी कंपायलरमध्ये यंत्रागणिक बदलणारा भाग मुद्दाम वेगळा काढला होता, त्याच्याबद्दल लिहिताना तर हा फरक हवाच.

प्रश्नकर्ती: म्हणजे असं: "आधी कंपायलर इंटरडेटासाठी तयार केला, मग तो आणि युनिक्स दोन्ही इंटरडेटावर नेले." शीर्षकात मात्र 'पोर्ट'च ठेवते, नाहीतर शोधणाऱ्याला लेख सापडायचा नाही.